वाइनस्पर्धेच्या पडद्यामागचे पाच दिवस

दिल्लीहून आल्यापासून भेटेल तो विचारतो, लाल किल्ला पाहिला का, कुतुबमिनार पाहिला का. मी यातलं काहीच पाहिलं नाही. मी पाहिलं ते गुरुग्राममधल्या एका मोठ्या हॉटेलचं तळघर, करोल बागेतलं पँटचं एक दुकान आणि मानेसरमधलं दोन खोल्यांचं एक घर. तरीही इतक्या आनंदात मी आजवर कुठल्या प्रवासाहून परतले नव्हते. म्हणून हे लिहायला बसले आहे.

दिंडोरी तालुक्यातल्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत मी सोळा वर्षं काम करते. द्राक्षं आली की त्यांची साखर मोजायची, टाकीतल्या रसाचं आम्ल मोजायचं, आकडे लिहून वर पाठवायचे. वाइन कशी झाली हे ठरवणारे लोक वेगळे. ते ग्लास फिरवतात, वास घेतात, बोलतात. मला वास येत नाही असं नाही. माझं नाक तर घरात बदनाम आहे, दूध नासायच्या आदल्या दिवशी मला कळतं. पण माझ्याकडे केमिस्ट्रीच्या बी.एस्सी.पलीकडे कागद नाही, आणि कागद नसला की त्या ग्लासांच्या टेबलाशी कोणी बोलवत नाही.

सप्टेंबरात आमच्या मालकांकडे एक पत्र आलं. गुरुग्रामला देशभरातल्या वाइनची स्पर्धा होणार होती. बाटल्या उघडायला, ओतायला, ग्लास मांडायला वायनऱ्यांमधली आणि हॉटेलांमधली माणसं हवी होती. शेवटच्या दोन ओळी मी तीनदा वाचल्या. वायनऱ्या जी प्रवेश-फी भरतात तिच्यातला एक भाग शिक्षणासाठी ठेवतात, पडद्यामागे काम करणाऱ्यांची शेवटच्या दिवशी परीक्षा घेतात, आणि जो पहिला येईल त्याला वर्षभराचा वाइनचा अभ्यासक्रम फुकट. वयाची अट नव्हती. मी बेचाळीस वर्षांची आहे.

"जा की," आमचे हे म्हणाले. "नाही जमलं तर निदान दिल्ली बघून येशील."

दिल्ली बघायची राहिली, ते वर सांगितलंच आहे.

रविवार, द्वारका आणि करोल बाग

रेल्वेचा प्रवास वगळते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. द्वारकेला माझी कॉलेजातली मैत्रीण वर्षा राहते. नाशिकच्या होस्टेलात आम्ही तीन वर्षं एका खोलीत होतो. ती मूळची भंडाऱ्याची, आता एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन नुकतीच परतली होती आणि स्वयंपाकघरात नागपूरहून आणलेल्या सावजी मसाल्याचं पाकीट उघडं होतं. दारातून आत पाऊल टाकलं तोच मला शिंक आली.

"बघ, अजून तसंच आहे नाक," वर्षा म्हणाली. "आज मस्त सावजी चिकन करते तुझ्यासाठी."

"अगं, पाच दिवस तिखट बंद आहे मला. जीभ बधिर होते."

"म्हणजे माझ्या घरी येऊन तू वरणभात खाणार?"

पाच दिवस मी वरणभातच खाल्ला, आणि समोर वर्षा, तिचा नवरा आणि मुलगी सावजी खात होते. या प्रवासातले सगळ्यात मोठे कष्ट हेच.

वर्षाची मुलगी अन्वेषा बारा वर्षांची आहे. जन्म दिल्लीचा, मराठी छान बोलते, पण मधेमधे शब्द सांडतात. मी काय काम करते ते सांगताना म्हटलं, "लाल वाइन तुरट असते." तिने विचारलं, "मावशी, तुरट म्हणजे क्या? खट्टा?"

"नाही गं. आंबट वेगळं." मी तिला घरातल्या डाळिंबाच्या सालीचा तुकडा चावायला दिला. तिने तोंड वाकडं केलं, जीभ टाळूला लावून पाहिली.

"यार, हे तर जीभ चिकटवतं."

"हं. तेच तुरट."

संध्याकाळपर्यंत ती घरातली प्रत्येक वस्तू चाखून तुरट आहे की नाही ते मला सांगत होती.

दुपारी एक अडचण कळली. ओतणाऱ्यांनी पांढरा शर्ट आणि काळी पँट घालायची असं पत्रात होतं. शर्ट होता. पँटऐवजी मी काळी सलवार आणली होती. वर्षाने ती बघितली आणि मला थेट मेट्रोत बसवलं. द्वारकेहून करोल बागेला ब्लू लाइन सरळ जाते. उतरल्यावर एवढी गर्दी की चालायचं म्हणजे पुढच्याची पाठ सोडायची नाही. दिवाळी तोंडावर होती. लेहंगे, बांगड्या, त्याच रांगेत गाड्यांचे आरसे आणि सीटकव्हरं. एका अरुंद दुकानात सरदारजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माप न घेता पँट काढून दिली.

"पहली बार पहन रही हो जी?"

मी मान हलवली.

"दो दिन अजीब लगेगा, तीसरे दिन सलवार अजीब लगेगी," ते म्हणाले. पँट बरोब्बर बसली. आमच्याकडे दुकानदार आधी बजेट विचारतो. यांनी आधी काम विचारलं, कुठे उभं राहायचं आहे, किती तास. मग त्याच मापाची वेगळ्या कापडाची पँट दिली.

परतताना अंधार पडत होता आणि द्वारकेच्या रस्त्यावर एक जड, गोड वास पसरला. मी थांबले. रस्त्याच्या दुतर्फा सप्तपर्णी फुलली होती. दिल्लीत ऑक्टोबरात या वासाने कोणाचं डोकं दुखतं, कोणाला घरी आल्यासारखं वाटतं, वर्षाने सांगितलं. मला त्यात वेलची आली, थोडा मध आणि अगदी शेवटी ओली माती. मी मोठ्याने ते बोलून गेले. वर्षा हसून म्हणाली, "बस, आता परीक्षेत एवढंच लिही."

सोमवार, गुरुग्राम

हॉटेलच्या दर्शनी दालनात संगमरवर आणि फुलं होती, आमचा दरवाजा मात्र मागच्या बाजूला, भाज्यांच्या क्रेटजवळ. तळघरात लांबच लांब टेबलं, त्यांवर काळ्या कापडी पिशव्यांमध्ये बांधलेल्या बाटल्या. पिशवीवर फक्त नंबर. वाइन कुठली, कोणाची, परीक्षकांना कळता कामा नये आणि आम्हालाही.

आम्ही वीस जण होतो. जोड्या पाडल्या. माझ्या जोडीला कविता यादव आली. चोवीस वर्षांची, उंच, केस घट्ट बांधलेले. गुरुग्राममधल्याच एका रेस्टॉरंटमध्ये कॅप्टन होती, म्हणजे चार वेटरांवर देखरेख करायची. रोज मानेसरहून शेअर ऑटोने यायची.

"दीदी, आप लॅब में हो? मतलब आपको सब पता होगा," ती म्हणाली.

"मला आकडे कळतात," मी माझ्या हिंदीत सांगितलं. "ग्लास कसा धरायचा तेही माहीत नाही."

तिने दाखवला. दांडीला धरायचा, पोटाला नाही, नाहीतर हाताने वाइन गरम होते. बाटली पुसायची, तळाशी धरायची, शेवटी मनगट किंचित वळवायचं म्हणजे थेंब सांडत नाही. दहा वेळा पाण्याने सराव केला, आठ वेळा माझ्या नव्या पँटवर पाणी सांडलं.

मग थुंकायला शिकवलं. हसू नका, हा धडाच असतो. परीक्षक दिवसभरात पन्नासेक वाइन तोंडात घेतात, सगळ्या गिळल्या तर दुपारी कोणी शुद्धीवर राहणार नाही. म्हणून घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा आणि पिकदाणीत नीट धार सोडायची. लहानपणापासून इकडेतिकडे थुंकू नकोस म्हणून बोलणी खाल्लेल्या आम्हा वीस जणांना तास लावून थुंकायला शिकवलं गेलं. कविता त्यात पहिली आली.

आमच्या टेबलाच्या प्रमुख परीक्षक होत्या अनिता कुरियन. पन्नाशीच्या, बारीक चष्मा, आवाज हळू. त्यांनी नियम सांगितले. बाटलीत दोष वाटला तर हात वर करा, दुसरी बाटली मागवू. आणि एखादी वाइन आपल्याच वायनरीची आहे असं वाटलं तर लगेच सांगा, त्या टेबलावरून तुम्हाला हलवू.

दुपारी चहाच्या वेळी त्या स्वतःहून आमच्यात येऊन बसल्या. "मी बारा वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत ग्लास पुसत होते," त्या म्हणाल्या. "कोचीच्या हॉटेलात रिसेप्शनला होते तेव्हा. परीक्षेत नंबर आला, फी सुटली, शिकले. आता सहा हॉटेलांसाठी वाइन निवडते." पलीकडच्या टेबलावरचा एक तरुण परीक्षकही तसाच वर आला होता, तो आता कर्नाटकात वाइन बनवतो. मी आणि कविताने एकमेकींकडे पाहिलं. दोघींच्या मनात एकच गोष्ट होती, आणि जागाही एकच होती.

मंगळवार, बेचाळीस नंबर

सकाळी नऊला सुरू झालं. पाच परीक्षक, प्रत्येकापुढे सहा ग्लास, आम्ही मागून ओतायचं आणि बाजूला होऊन उभं राहायचं. ते एकमेकांशी बोलत तेव्हा आमचे कान टवकारलेले. एका बाटलीबद्दल कोणी म्हणे द्राक्षं लवकर तोडली, कोणी म्हणे नाही, लाकडाच्या पिंपात फार ठेवली. सोळा वर्षं मी जे आकडे लिहीत होते त्यांना इथे चव होती. आम्ल जास्त म्हणजे गालाच्या आत पाणी सुटतं, कमी म्हणजे वाइन जिभेवर बसून राहते. मला वाटलं मी एखादं गाणं न ऐकताच लिहून काढत होते आणि आज पहिल्यांदा ते ऐकतेय.

एवढ्या बाटल्या उघडतात, पण प्रत्येकीतले पाच घोटच लागतात. उरलेल्यांचं काय, असं मला वाटत होतं. तर संध्याकाळी पाच वाजता त्या सगळ्या बाटल्या एका लांब टेबलावर मांडतात आणि परीक्षक आमचा वर्ग घेतात. स्पर्धेत भाग घेतलेल्या छोट्या वायनऱ्यांनाही परीक्षकांचे शेरे लिहून पाठवतात, पदक मिळो न मिळो. आमच्या मालकांच्या टेबलावर असे कागद मी पाहिले होते. ते कुठून येतात ते आज कळलं.

दुपारी जेवणाआधी बेचाळीस नंबरची बाटली मी उघडली. सवयीने तिच्या तोंडाशी नाक नेलं आणि थबकले. पावसात भिजलेल्या गोणपाटाचा वास होता, अगदी पुसट. बूच खराब असलं की तो लागतो. फळाचा वास तो खाऊन टाकतो आणि वाइन नुसती निर्जीव वाटते. आत, त्याच्या खाली, जांभूळ आणि मिरं होतं. ते मला ओळखीचं वाटलं. माझी खात्री झाली की ही आमच्याच वायनरीची, शिराझ द्राक्षाची लाल वाइन आहे.

विचार करेपर्यंत मी ती ओतूनही टाकली होती आणि परीक्षकांनी घोट घेतले होते. एकाने लिहिलंही, "फळ कमी, साधारण."

नुसता दोष सांगितला असता तरी पुरे होतं. दुसरी बाटली आली असती. पण आमची आहे हे सांगितलं तर मला टेबलावरून हलवणार, आणि दुपारी सगळ्या जड लाल वाइन यायच्या होत्या. परीक्षेत त्यावरच विचारतात, असं सगळे म्हणत होते. आणि न सांगता दोष दाखवला तर मी माझ्याच कंपनीसाठी हात वर केला असं झालं असतं.

"क्या हुआ दीदी?" कविताने हळूच विचारलं. मी सांगितलं.

"खराब है तो बोल दो. अपनी है, ये क्यों बताना?"

मी हात वर केला. अनिता मॅडम मला पडद्याआड घेऊन गेल्या. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांनी ग्लास परत नाकाला लावला, डोळे मिटले.

"आम्हा पाचांपैकी एकालाही आला नाही हा वास," त्या शेवटी म्हणाल्या. "आता येतोय. दुसरी बाटली मागवते. आणि नियम तुम्हाला माहीत आहे."

माहीत होता. उरलेला दिवस मी ग्लास धुतले. गरम पाणी, वाफ, बाहेर टेबलावर काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं.

पाच वाजता हात पुसून बाहेर आले तर कविता एका कोपऱ्यातल्या टेबलाशी उभी होती. तिने दुपारच्या अठरा लाल वाइनचा एकेक घोट लहान ग्लासांत ओळीने ओतून ठेवला होता. प्रत्येकाखाली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर परीक्षक काय म्हणाले ते हिंदीत.

"जल्दी करो, हवा लग रही है इनको," ती म्हणाली.

परीक्षेत ती माझ्या विरुद्ध बसणार होती. आम्ही दोघींनी ओळीने अठराही चाखल्या. मग मी तिला दोष शिकवले, शिरक्याचा वास, जळक्या काडीचा वास, आणि बेचाळीस नंबरच्या पहिल्या बाटलीतला गोणपाटाचा. तो तिला तिसऱ्या वेळी सापडला आणि तिने आनंदाने माझा दंड एवढ्या जोरात धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं.

बुधवार, परीक्षा

सहा ग्लास, एक तास. काय आहे, कसं बनलं असेल, विकायला योग्य आहे का, असे प्रश्न. पाचव्या ग्लासात गोणपाट होता. मी मान वर केली तर समोरच्या रांगेत कविता गालातल्या गालात हसत लिहीत होती.

मग तोंडी परीक्षा. तीन परीक्षक. एका लाल वाइनचं वर्णन करायला सांगितलं आणि माझं इंग्रजी जागच्या जागी संपलं. एक परीक्षक म्हणाले, "हिंदी में बोलिए, जैसे घर में बोलती हैं." घरी तर मी मराठी बोलते. मी म्हणाले, पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर आधी गोड लागतं, मग जीभ जाड होते, आमच्याकडे याला तुरट म्हणतात, डाळिंबाच्या सालीसारखं. तिघांनीही ग्लास उचलला आणि जीभ टाळूला लावून पाहिली, हुबेहूब अन्वेषासारखी. मग त्यांनी विचारलं, हाच माल पुढच्या वर्षी सुधारायचा असेल तर शेतकऱ्याला काय सांगाल? इथे मात्र मला कोणी थांबवू शकलं नाही. पाणी कधी तोडायचं, कोणत्या घडांना ऊन लागू द्यायचं, तोडणी सकाळी किती वाजता. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

चार वाजता निकाल. आधी पदकं, मग पिशव्या काढल्या. बेचाळीस नंबर आमची नव्हती. कर्नाटकातल्या एका छोट्या वायनरीची होती आणि दुसऱ्या बाटलीच्या जोरावर तिला रौप्य मिळालं होतं. अनिता मॅडम माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "दोष बरोबर ओळखला, घर चुकीचं." मी हसले, पण खरं तर कानशिलं तापली होती. सोळा वर्षं रोज मोजलेली वाइन मला ओळखता आली नव्हती.

शिष्यवृत्ती कविता यादवला. मी दुसरी आले. दुसऱ्याला अभ्यासक्रमाच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेची फी मिळते.

खोटं कशाला लिहू, वाईट वाटलं. पण टाळ्या वाजवताना माझे हात आपोआप सगळ्यांत जोरात वाजत होते, कारण तिला पाचव्या ग्लासातला गोणपाट सापडला होता आणि तो मी शिकवलेला होता.

मंचावर जाहीर झालं की शिष्यवृत्तीत जानेवारी ते मार्चमधले सहा आठवडे नाशिककडच्या एका वायनरीत काम करून शिकायचं आहे. कविताचा चेहरा उतरला. खाली आल्यावर ती मला बाजूला घेऊन गेली.

"दीदी, पापा नहीं भेजेंगे. घर पे इतना ही पता है कि मैं ऑर्डर लेती हूँ. वाइन का नाम भी नहीं लिया कभी." मग तिने आवाज उतरवला. "मैं मना कर दूँगी. फिर आपको मिल जाएगी. मैंने पूछ लिया है."

द्वारकेला परतताना टॅक्सीत मी तेच ऐकत होते. आपको मिल जाएगी.

जेवताना वर्षाला सगळं सांगितलं. तिने ताटावरून मान वर केली. "तू गप्प बसलीस तर तुला मिळतं. सोपं आहे."

"सोपं आहे म्हणूनच घास उतरत नाहीये."

वर्षाने माझ्या ताटात भात वाढला. मग म्हणाली, "माझ्या बाबांनी मला दिल्लीला पाठवायला आधी चक्क नाही म्हटलं होतं, माहितीये? मग इथे नोकरीला असलेल्या एक रंगारीकाकू सुट्टीत भंडाऱ्याला आल्या, आमच्या घरी येऊन ओट्यावर बसल्या. फार काही बोलल्या नाहीत. ही पोरगी माझ्याकडे राहील, एवढंच. बाबांना कोणीतरी माणूस बघायचं होतं."

मी कविताला फोन लावला आणि विचारलं, तुझे पप्पा उद्या घरी किती वाजता येतात.

गुरुवार, मानेसर

गुरुग्राम संपलं की हायवेच्या दोन्ही बाजूंना कारखाने सुरू होतात. शेअर ऑटोत आम्ही आठ जणी होतो, गळ्यात कंपन्यांची ओळखपत्रं, मांडीवर डबे. एका पाळीच्या निळ्या बसेस रांगेने बाहेर पडत होत्या. हवेत गरम लोखंडाचा आणि रबराचा वास होता. कविता आज ओढणी घेऊन आली होती आणि वाटभर तिचं टोक बोटाला गुंडाळत होती.

घर दोन खोल्यांचं, पुढे अंगण, एक म्हैस. कविताच्या आईने मला पितळी ग्लास भरून ताक दिलं. आमच्याकडे ताकात आलं-कोथिंबीर, इथे भाजलेलं जिरं आणि वर लोण्याचा गोळा तरंगणारा. मी पिऊन संपवते तोच तिने परत भरला. सव्वातीनला वडील आले. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ते पंचवीस वर्षं आहेत. हात धुऊन खाटेवर बसले, मला नमस्कार केला. कविता आतल्या दारामागे उभी राहिली.

मीच सांगायला सुरुवात केली. ती काय काम करते, तिने काय जिंकलं, कुठे जायचं आहे. वाइन हा शब्द आला तेव्हा ते म्हणाले, "दारू ही तो सै."

"आहे," मी म्हणाले. लपवण्यात अर्थ नव्हता. "मीही त्याच कारखान्यात काम करते. सोळा वर्षं. माझे यजमान रोज संध्याकाळी मला स्कूटरवर घ्यायला येतात."

"आप पीती हो?"

"तोंडात घेते आणि थुंकते. आम्हाला शिकवतात तसं. तुमची मुलगी त्यात पहिली आली."

ते बुचकळ्यात पडले. "थूक देती हो? फिर फायदा के?"

कविताची आई पदराआड हसली. मी त्यांना त्यांच्याच कारखान्याचं विचारलं, गाडीचा भाग ठीक आहे की नाही ते कसं बघतात. ते म्हणाले, तपासणीला माणसं असतात, बोटाने चाचपून सांगतात, मशीनलाही कळत नाही ते त्यांना कळतं, लाइनवर सगळे त्यांना मानतात. "कविता ते काम शिकणार आहे," मी म्हणाले. "ती नाकाने आणि जिभेने तपासते."

ते बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रात बच्ची बस इतना बोली थी, कोई इनाम है, ये ना जाए तो आपको मिलेगा. सच बात?"

"सच."

"फिर आप क्यों आए इतनी दूर?"

मी मनात बरंच काही जुळवून आणलं होतं. ते सगळं विसरले. म्हणाले, "माझ्याकडून ग्लास धुवून घेतले त्या दिवशी हिने माझ्यासाठी अठरा ग्लास भरून ठेवले होते. मला ते मिळालं तर मी दर घोटाला हिला आठवणार. तसं नाही शिकता येत." आणि मग वर्षाच्या रंगारीकाकूंचं वाक्य माझ्या तोंडून आपोआप गेलं. "ती माझ्याकडे राहील. वायनरी माझ्या घरापासून जवळ आहे. माझी मुलगी तिच्या खोलीत झोपेल. तुम्ही पाहिजे तेव्हा या, बघा."

अंगणात म्हैस शेपटी हलवत होती. कविताच्या वडिलांनी माझ्या पुढ्यातला ग्लास उचलून बाजूला ठेवला, परत खाटेवर बसले आणि विचारलं, "उधर जनवरी में ठंड कितनी पड़ती है?"

"भाईसाहब, आमच्या भागात बरीच पडते. द्राक्षांना जपावं लागतं. पण घरात पांघरुणं आहेत."

"फिर भी," ते म्हणाले, आणि बायकोकडे वळले. "नई वाली रजाई निकाल दे. धूप दिखानी पड़ेगी."

दारामागून कविता पुढे आली. आईला बसून राहा असं हाताने खुणावून ती स्वतःच आत गेली आणि पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.